पिकांचे रानातले भाऊबंद

श्रावणाच्या सुमारास चोपडा, यावल, रावेर, शिरपूरच्या बाजारात सातपुड्यातून उतरलेल्या बायका टोपल्या मांडून बसतात. टोपलीत कटुर्ली असतात. पुण्या-मुंबईकडे त्यांनाच करटोली म्हणतात. भाव ऐकून गिऱ्हाईक चार पावले पुढे जाते आणि परत फिरते, कारण वर्षातून जेमतेम दीड-दोन महिने मिळणारी ही भाजी. निवड मात्र ठरलेली: हिरवीगार, कोवळी, आत बी न भरलेली. पिवळट झालेल्या कटुर्ल्याला कोणी हात लावत नाही.

कटुर्ल्याच्या वेलात, पपईसारखीच, नर आणि मादी निराळे असतात. नर वेलाला फुले येतात, पण फळ कधीच धरत नाही. पाऊस संपला की वेल वाळून जातो. त्याचा कंद मात्र उन्हाळाभर जमिनीखाली जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतो. आता यात माणूस काय करतो ते पाहा. फळ कोवळेच खुडले की बी तयार होत नाही, म्हणजे नवा वेल नाही. लागवडीसाठी किंवा औषधासाठी कंद खणून नेला की जुना वेलही गेला. आणि ‘हा काही फळत नाही’ म्हणून कुंपणावरचा नर वेल उपटला, तर शेजारची मादी वेल फुलते, पण फळत नाही. मग आपण पावसाला दोष देतो.

भाजी महाग झाली, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. रानातून, बांधावरून, नाल्याच्या काठावरून आपण जे खुडून आणतो त्यातले बरेचसे आपल्या पिकांच्या नात्यातले असते. कटुर्ले हे कारल्याचे सख्खे नातेवाईक. पडीक काळ्या जमिनीत उगवणारी रानभेंडी ही भेंडीची बहीण. सातपुड्याच्या उतारावर गवतात वेटोळे घालणारी रानतूर ही तुरीची. रस्त्याकडेला काटेरी झुडपाला लिंबाएवढी पिवळी, कडू फळे लागतात, ते रानवांगे. आसोदा-भादलीच्या ज्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्याच कुळातले. एक भाऊ शेतात राहायला आला, दुसरा रानातच राहिला, इतकाच फरक.

शेतात आलेल्या भावाचे माणसाने हजारो वर्षे लाड केले. काटे कमी केले, कडूपणा काढला, फळ मोठे केले, बी कमी केले. या निवडीत नकळत आणखी काही गळून पडले. वनस्पतीच्या दृष्टीने कडूपणा हे शस्त्र असते. दुधी, काकडी, दोडक्याच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये किडींपासून झाडाचे रक्षण करतात. माणसालाही ती बाधतात. म्हणूनच दुधी कडू लागला तर त्याचा रस घशाखाली उतरवू नये. अशा रसाने रक्ताच्या उलट्या होऊन रुग्ण दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. शस्त्र काढून घेतले, फळ गोड झाले, आणि राखणीची जबाबदारी फवारणीच्या पंपावर आली. रानातला भाऊ मात्र अजूनही आपली राखण स्वतःच करतो. रानतुरीच्या शेंगांवरची दाट लव शेंगा पोखरणाऱ्या अळीला सहज बसू देत नाही.

या नात्याचा उपयोग किती खरा आहे, हे पाहायला जळगावच्या बाहेर जायची गरज नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इथल्या तेलबिया संशोधन केंद्रातून भुईमुगाचा जेएल-२४, म्हणजेच ‘फुले प्रगती’ हा वाण बाहेर पडला. मूळ साहित्य तैवानहून आलेले, निवड जळगावची. लवकर येणारा, चांगला उतारा देणारा हा वाण देशभर गेला आणि पुढे मलावी, झांबियासारख्या आफ्रिकी देशांतही वेगळ्या नावांनी पेरला गेला. त्याची एक दुखरी बाजू होती. पानांवर तांबेरा आणि टिक्का आला की झाड हतबल व्हायचे.

उत्तर सापडले ते बोलिव्हियातल्या एका रानभुईमुगात. ‘अरॅकिस कार्डेनासी’ हे त्याचे शास्त्रीय नाव. लागवडीच्या भुईमुगात गुणसूत्रांचे चार संच असतात, या रानभुईमुगात दोन. त्यामुळे दोघांचा थेट संकर वांझ निघतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत हे अवघड संकर सुरू झाले. त्यातून निघालेल्या पिढ्या बियाण्यांच्या देवाणघेवाणीतून हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये आल्या, तिथून धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या जीपीबीडी-४ या वाणात त्या रानभावाचे रक्त उतरले, आणि पुढे इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी जनुकांच्या खुणा पाहत तांबेऱ्याला तोंड देणारा तेवढाच तुकडा जेएल-२४ मध्ये आणला. हे काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बोलिव्हियातल्या त्या माळावर त्या काळी कोणी नांगर फिरवला असता, तर जळगावच्या शेतकऱ्याला त्याची खबरही लागली नसती.

असेच एक उदाहरण परभणीचे. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा, पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूरोग शेतकऱ्यांच्या चांगल्याच ओळखीचा आहे. काही भागांत त्याला हळद्या म्हणतात. एकेकाळची लोकप्रिय ‘पुसा सावनी’ या रोगापुढे टिकेना. तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी तिचा भेंडीच्याच कुळातल्या एका रानटी जातीशी संकर केला, पुन्हा पुन्हा मूळ भेंडीकडे वळवला, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यात ‘परभणी क्रांती’ शेतात आली. पुढची कितीतरी वर्षे ताटातली भेंडी या रानातल्या बहिणीच्या जोरावर टिकली. आता विषाणूही बदलला आहे आणि परभणी क्रांतीची प्रतिकारशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. म्हणजे पुन्हा रानाकडे जाणे आले. प्रश्न एवढाच, की तोवर तिथे रानभेंडी उरलेली असेल का.

केळीबाबत तर हा प्रश्न खानदेशच्या पोटाशी येऊन भिडतो. जळगावची केळी बिनबियांची, कारण तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच आहेत. तिला बी धरत नाही, म्हणून ती कंदापासून किंवा उतिसंवर्धनाने वाढवतात. परिणामी रावेरपासून चोपड्यापर्यंतच्या बागांमधली झाडे एकमेकांच्या जवळजवळ हुबेहूब प्रती आहेत. एकाला जो रोग मारेल तो सगळ्यांना मारू शकतो. काही वर्षांपूर्वी ‘हरण्या’ने, म्हणजे सीएमव्ही विषाणूने, रावेर-यावलमध्ये उभ्या बागा उपटायला लावल्या, ते शेतकरी विसरलेले नाहीत. त्याहून मोठी धास्ती पनामा मर रोगाच्या ‘टीआर-४’ या प्रकाराची आहे. मातीत वर्षानुवर्षे राहणाऱ्या या बुरशीवर औषध नाही, आणि बिहार-उत्तर प्रदेशात ती पोहोचलेली आहे. याच रोगाच्या जुन्या प्रकाराने मागच्या शतकाच्या मध्यास जगाच्या बाजारातली ‘ग्रो मिशेल’ ही केळी संपवली होती.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड येथील शास्त्रज्ञांनी या बुरशीला तोंड देणारी केळी तयार केली आणि २०२४ मध्ये तिथल्या सरकारने तिला मान्यता दिली. तिच्यातले जनुक कुठले? आग्नेय आशियातल्या एका रानकेळीचे. बियांनी गच्च भरलेली, गर जेमतेम, खायला कोणी घेणार नाही अशी ती केळी. जनुकबदल केलेले पीक हवे की नको, हा वेगळा वाद आहे आणि तो व्हायलाही हवा. पण त्या वादात दोन्ही बाजूंना लागणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे जंगलातले ते बियांचे फळ. पारंपरिक पद्धतीने नवी केळी घडवायची झाली तरी सुरुवात तिथूनच करावी लागते.

महाराष्ट्राच्या डोंगरांत जी रानकेळ किंवा चवेणी कड्याकपारींत दिसते, ती केळीची जरा दूरची नातेवाईक. तिला बाजूला पिल्ले फुटत नाहीत. आयुष्यात एकदाच फुलते, फळते आणि मरते. तिचा वंश फक्त बियांवर चालतो, आणि मुतखड्यावरचे औषध म्हणून त्या बिया गोळा होतात. त्या बियांनी खडा विरघळतो असा भरवशाचा पुरावा रुग्णांवरच्या अभ्यासांतून पुढे आलेला नाही. खडा लहान असेल तर भरपूर पाण्याबरोबर तो आपोआपही पडतो, आणि श्रेय बियांना मिळते. संपूर्ण घड कापून नेला तर त्या झाडापुरता विषय कायमचा मिटतो.

जगभरातल्या ८१ पिकांच्या १,०७६ रानटी नातेवाइकांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३१३ जातींचे एकही बी कुठल्या बियाणे बँकेत नव्हते आणि सत्तर टक्क्यांहून अधिक जातींचा संग्रह तातडीने करायला हवा, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे राष्ट्रीय जनुकपेढी दिल्लीत आहे, तिचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. तिथे उणे १८ अंशांत बियाणे बरीच वर्षे टिकते. ही व्यवस्था हवीच. पण गोठवलेले बी जिथल्या तिथे थांबते. बाहेर उन्हाळा बदलतो, पाऊस बदलतो, किडी बदलतात. मातीत उभे असलेले झाड त्यांच्याबरोबर बदलत जाते, शीतपेटीतले नाही. म्हणून दोन्ही लागते.

आणि इथेच एक गैरसमज आहे. रानातल्या भाऊबंदांना अभयारण्य पुरेल असे वाटते. यावल अभयारण्य किंवा शिरपूर तालुक्यातले अनेर अभयारण्य चारोळी, सलई, धावडा यांना आधार देईल. पण रानवांगे, रानभेंडी, रानमटकी यांना घनदाट जंगल नको असते. त्यांना बांध लागतो, पायवाट लागते, नाल्याची दरड लागते, म्हणजे माणसाच्या वस्तीच्या कडेची जमीन. ती जमीन कोणाच्याच हिशेबात नाही. निंदणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून तणनाशक आले. ते पिकाच्या ओळीतून बांधावर गेले. बांध जेसीबीने सारखे झाले, रस्ते रुंद झाले. शेतकऱ्याला यात दोष देणे सोपे आहे, पण त्याच्या जागी बसून हिशेब केला तर त्याचेही चूक दिसत नाही. मात्र बांधावर तणनाशक मारल्याने उत्पन्नात एक रुपयाचीही भर पडत नाही, हेही तितकेच खरे.

मग आरोग्याचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालील मुलांमध्ये जवळपास ६९ टक्के. सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचाही भार आहे. आषाढ-श्रावण हे तिथले टंचाईचे महिने. गेल्या वर्षीचे धान्य संपत आलेले, नवे अजून उभे नाही, हाताला काम कमी. नेमक्या याच दिवसांत तरोटा, कुर्डू, चिवळ, घोळ, केना, बांबूचे कोंब, मुसळीची कोवळी पाने फुकट मिळतात. गरिबाच्या ताटात याच महिन्यांत पालेभाजी सर्वांत जास्त असते, आणि तिच्यातून फोलेट, ‘अ’ जीवनसत्त्व घडवणारे कॅरोटिन, चुना आणि थोडे लोह मिळते.

‘थोडे’ हा शब्द मुद्दाम. रानभाज्यांवर हल्ली जे लिहिले जाते त्यात प्रत्येक पान म्हणजे संजीवनी असते. पालेभाजीतले लोह शरीरात फार कमी शोषले जाते. वर लिंबू पिळले तर जरा जास्त, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. हिमोग्लोबिन सात-आठवर आलेल्या गर्भवतीचा रक्तक्षय भाजीने भरून येणार नाही, तिला उपचारच लागतात. सिकलसेलच्या रुग्णाला फोलेटची गरज जास्त असते, पण लोहाच्या गोळ्या त्याने तपासणीशिवाय घेऊ नयेत. घोळीत ऑक्झॅलेट भरपूर, म्हणून मूत्रपिंडाचा आजार किंवा वारंवार खडे होणाऱ्यांनी बेताने खावी. कटुर्ल्याने मधुमेह बरा होतो, असे कोणी सांगितले तरी गोळ्या बंद करू नयेत. आणि काविळीवर देवडांगरीचा रस नाकात सोडण्याचा जो प्रकार अजून चालतो, त्यातून पिवळे पाणी वाहते ते नाकाच्या भाजलेल्या आवरणाचे, काविळीचे नव्हे.

सर्वांत मोठा धोका चुकीच्या ओळखीचा. कळलावीचा कंद रानकंद समजून खाल्ला गेला, तर त्यातले कोल्चिसिन आधी जुलाब-उलट्या घडवते, ते साध्या हगवणीसारखे वाटते, आणि दोन-तीन दिवसांनी रक्तातल्या पेशी कोसळतात. गाऊटच्या रुग्णाला डॉक्टर अगदी सूक्ष्म मात्रेत देतात तेच हे द्रव्य. रानभाजी खाऊन त्रास झाला तर दवाखान्यात येताना तिचे उरलेले देठ, पान, कंद सोबत आणावे. डॉक्टरांना त्याचा जितका उपयोग होतो तितका रुग्णाने सांगितलेल्या वर्णनाचा होत नाही.

म्हणजे रोप टिकले तरी पुरत नाही, ते ओळखणारी नजरही टिकायला हवी. ही दोन्ही कामे एकत्र झालेली जागा धुळे जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यात गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तीसेक वर्षांपूर्वी तिथले डोंगर उघडे होते आणि उन्हाळ्यात बायकांची पायपीट पाण्यासाठी व्हायची. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने स्वतःलाच नियम घालून घेतले. झाड तोडणाऱ्याला दंड, चराईला बंदी, राखणीला गावचीच माणसे. सुमारे ४४५ हेक्टर जंगल त्यातून परत उभे राहिले. विहिरींना पाणी आले, शेजारच्या गावांनाही ते पुरू लागले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्यानंतर गावाचे नाव वर्तमानपत्रांत जास्त दिसू लागले.

जंगल परतले तशा भाज्याही परतल्या. सुमारे वीस वर्षांपासून बारीपाड्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. आसपासच्या गावांतल्या बायका रानातून आणलेल्या भाज्या रांधून आणतात, आणि नुसता पदार्थ मांडून भागत नाही, त्या वनस्पतीची माहितीही सांगायची असते. चवीला बक्षीस देणाऱ्या स्पर्धा पुष्कळ आहेत. इथे सुनेने सासूकडून काय शिकून घेतले, याला मान मिळतो. आता दरवर्षी ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागही जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव घेतो. चांगली गोष्ट आहे. फक्त शहरातली मागणी वाढते आहे आणि रान तेवढेच आहे, याची जाणीव महोत्सवाच्या मांडवात क्वचितच दिसते.

कारण खुडण्याच्या रीतीवर सगळे अवलंबून असते. मुसळीचे पान भाजीसाठी खुडले तर कंद शाबूत राहतो, पुढच्या पावसात परत फुटतो. तीच मुसळी शक्तिवर्धक म्हणून विकायची झाली की कंदच उपटावा लागतो, आणि सातपुड्यातली पांढरी मुसळी अशीच विरळ झाली. दशमुळांसाठी डोरली, भुईरिंगणी मुळासकट जातात. दुसऱ्याने आधी नेऊ नये म्हणून चारोळी कच्चीच झोडपली जाते, मग भावही कमी आणि बीही वाया. बाळंतिणीच्या लाडवात घालायचा धावड्याचा डिंकही बेतानेच काढावा लागतो. खोल घाव घातलेले झाड पुढच्या वर्षी डिंक देईलच असे नाही. बारीपाड्यासारखा नियम असेल आणि वनहक्क कायद्याने मिळालेला सामूहिक हक्क गाव खरोखर वापरत असेल, तर थांबणे परवडते. झाड कोणाचेच नसेल तर थांबणारा मूर्ख ठरतो.

पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि १९९८ पासून नंदुरबारमध्ये गेलेल्या धडगावात बाएफ संस्थेने आदिवासी शेतकऱ्यांबरोबर मका, ज्वारीच्या गावरान वाणांच्या बियाणे बँका उभ्या केल्या. राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये सुमारे १७२ कोटी रुपयांच्या महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मान्यता दिली. या कामांत गावरान पिकांना जागा मिळाली, तशी त्यांच्या रानातल्या भाऊबंदांनाही मिळायला हवी. ते काम जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी केलेल्या नोंदवहीत सुरू होऊ शकते, पण ती वही भरताना टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईला विचारले पाहिजे. कुठल्या नाल्यात काय उगवते आणि गेल्या दहा वर्षांत काय दिसेनासे झाले, हे तिच्याइतके कोणालाच माहीत नसते.

घरच्या कुंपणावर कटुर्ल्याचा वेल असेल तर दोन-चार फळे त्यावर तशीच राहू द्यावीत. पिकलेले कटुर्ले आपल्यापैकी फार जणांनी पाहिलेले नसते. आधी ते पिवळे होते, मग नारिंगी, आणि शेवटी उलते. आत लालभडक गरात काळपट बिया असतात, आणि सकाळी पाहावे तर पक्ष्यांनी त्यातल्या बऱ्याच नेलेल्या असतात.